पंचनाम्यात नसलेली नुकसानी



वाकोल्याच्या माणसाला बेटावरचा रहिवासी म्हटले तर तो हसेल. पण आपली साष्टी हे बेटच आहे. १८०३ साली शीवचा बांध पुरा झाला, तेव्हा कुठे तिला मुंबईशी रस्ता मिळाला. हे आपण विसरतो, पाणी विसरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वरून धार, खाडीत भरती; मिठीने आणि वाकोल्याच्या नाल्याने जावे कुठे?

पाणी ओसरल्यावर आम्ही कामगार मंडळी खोल्याखोल्यांतून याद्या करीत हिंडलो. भांडी, कपडे, धान्य. एके ठिकाणी पखवाज निघाला. शाई विरघळलेली, वाद्या फुगलेल्या. शेजारी अभंगांची हाताने लिहिलेली वही, तिचा चिखल झालेला. हे कोणत्या रकान्यात लिहावे? सरकारी मदतीच्या नियमांत कोळ्याच्या होडीला, जाळ्याला, विणकराच्या अवजारांना जागा आहे, आणि ती हवीच. भजनी मंडळाच्या पखवाजाला नाही. तो पोटाचे साधन नव्हे ना!

गंमत अशी की, त्याच २००५ साली भारताने युनेस्कोचा २००३ चा करार मान्य केला. वारसा म्हणजे नुसते किल्ले-देवळे नव्हेत; गाणी, विधी, कसब आणि ते जपणारी माणसेही, असे तो म्हणतो. पॅसिफिकमधल्या वानुआतू बेटांवर वाळूत एका बोटाने आकृती काढून गोष्ट सांगतात. मार्च २०१५ च्या पाम वादळाने तिथली घरे उडवली. वाळूतली आकृती तर एरवीही पुसतेच. विद्या राहते ती काढणाऱ्याच्या बोटात आणि भोवती बसलेल्या पोरांत.

पखवाजही पुन्हा मढवता येतो. पण पूरग्रस्तांना घरे देताना कुणाला इथे, कुणाला दहा मैलांवर टाकले, की टाळकरी, विणेकरी, पखवाजी तीन दिशांना जातात. युनियनची शाखा पावतीपुस्तकात नसते, संध्याकाळी जमणाऱ्या माणसांत असते, मंडळाचेही तेच. म्हणून आमची मागणी आहे की, पुनर्वसनाची यादी करताना मंडळे विचारा आणि त्यांतली माणसे एकाच आवारात ठेवा.

दुसरी मागणी विहिरीची. कोळे-कल्याणच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचे पाणी आणतात. पुराने विहीर नासली की, ती बुजवणे साहेबाला सोपे वाटते. उपसून, औषध टाकून ती शुद्ध करता येते. बुजवण्याचा हुकूम निघण्याआधी गावठाणातल्या म्हाताऱ्या बायकांना एकदा विचारायला काय हरकत आहे?