झाडांखाली कोण उरलं आहे?



अ‍ॅमेझॉनचं नाव निघालं की आपल्याला उपग्रहाची चित्रं आठवतात. अफाट हिरवा पट्टा आणि त्यात वाढत चाललेले तपकिरी चट्टे. ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून दरवर्षी किती जंगल तुटलं ते मोजते. हे काम फार मोलाचं आहे. पण उपग्रहाला दिसतात ते झाडांचे शेंडे. त्यांच्याखाली कोण वावरतं, हे त्याला कळत नाही. १९९२ साली केंट रेडफर्ड या अभ्यासकाने एका लेखात ‘रिकामं जंगल’ ही कल्पना मांडली. शिकारीने मोठी जनावरं संपली तरी झाडं उभीच राहतात आणि नकाशावर ते जंगल शाबूत दिसतं. या जंगलांविषयी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत याहून महत्त्वाची गोष्ट कोणी सांगितली असेल असं मला वाटत नाही.

जनावरं गेल्याचे परिणाम झाडांनाही भोगावे लागतात. स्पायडर मंकी, लोकरी माकडं, टॅपिर ही मंडळी फळं गिळतात आणि बिया लांब नेऊन टाकतात. मोठ्या बियांची झाडं बहुतेकदा जड लाकडाची असतात आणि जड लाकडात कार्बन जास्त साठतो. बिया नेणारं कोणी उरलं नाही की त्या झाडाखालीच पडतात, तिथेच किडतात. असं जंगल पिढ्यानपिढ्या हलक्या लाकडाचं होत जातं, आणि आज काढलेल्या छायाचित्रात त्याचा मागमूस नसतो.

म्हणून जनावरं मोजावी लागतात. जुनी रीत पायी चालण्याची. जंगलातून चार-पाच किलोमीटरची सरळ वाट आखायची, पालापाचोळा वाजू नये म्हणून ती साफ ठेवायची आणि उजाडताच तिच्यावरून ताशी जेमतेम दीड किलोमीटर वेगाने चालायचं. मध्येमध्ये थांबायचं, कान द्यायचा. वर फांदी हलली, फळाचा तुकडा खाली पडला, की मान वर. जनावर दिसलं की वहीत जात लिहायची, कळपात किती होते ते लिहायचं, आणि वाटेपासून काटकोनात किती मीटरवर होतं तेही. हे अंतर फार कामाचं असतं. वाटेलगतचं जनावर सहसा सुटत नाही, तीस मीटरवरचं हमखास सुटतं. अशा शेकडो नोंदी जमल्या की नजरेतून किती सुटली असतील याचा हिशेब मांडता येतो. कार्लोस पेरेस या ब्राझिली शास्त्रज्ञाने याच रीतीने अ‍ॅमेझॉनमधली अनेक ठिकाणं पडताळली. जिथे शिकार जास्त, तिथे मोठी माकडं विरळ होत गेल्याचं त्यातून आकड्यांनिशी सिद्ध झालं.

या कामाला धीर मात्र लागतो. पेरूच्या मानू राष्ट्रीय उद्यानात पांढऱ्या ओठांचे पेकारी, म्हणजे आपल्या रानडुकरांसारखे दिसणारे, मोठमोठ्या कळपांनी फिरणारे प्राणी, १९७८च्या सुमारास दिसेनासे झाले आणि १९९०च्या आसपास परत आले. मधल्या काळात ते ज्या ताडाच्या बिया खातात, त्या ताडाची रोपं जंगलात वाढली. कळप परतल्यावर पुन्हा घटली. दोन-तीन वर्षं मोजून जो निकाल देईल, त्याला यातलं काय कळणार?

रात्री फिरणाऱ्या जॅग्वारसाठी पायी मोजणी उपयोगाची नाही. इथे एक धागा आपल्या देशातून जातो. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळे इथे कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून संख्या काढण्याची पद्धत १९९०च्या दशकात रुजवली. पुढे तीच पद्धत जॅग्वारच्या ठिपक्यांना लावून बोलिव्हियाच्या काआ-इया उद्यानातल्या कोरड्या जंगलात वापरली गेली. हे उद्यान १९९५ साली स्थापन झालं, ते तिथल्या गुआरानी लोकांच्या पुढाकाराने.

मला आज अधिक बोलायचंय ते ब्राझीलमधल्या मामिराउआविषयी. तिथलं जंगल वर्षातले काही महिने पुराच्या पाण्यात उभं असतं. जोसे मार्सिओ आयरेस हे तिथे लाल तोंडाच्या उआकारी माकडांचा अभ्यास करायला गेले. जंगल राखायचं तर त्यातली माणसं हाकलून चालणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १९९६ साली ते क्षेत्र रहिवाशांसह राखीव झालं. तिथे पिरारुकू नावाचा मासा आहे, माणसाहून लांब वाढणारा. बेसुमार मासेमारीने तो संपत आला होता. हा मासा हवेत श्वास घेतो; पाच-पंधरा मिनिटांनी त्याला पाण्यावर यावंच लागतं. जुन्या मच्छीमाराला त्या क्षणी दिसलेल्या पाठीवरून आणि पाण्याच्या आवाजावरून कळतं की हा दीड मीटरच्या वरचा की खालचा. लिआंद्रो कास्तेलो या संशोधकाने मच्छीमारांचे हे आकडे जाळी लावून पडताळले, तर ते जुळले. पाणी ओसरून तळी सुटी झाली की मच्छीमार होड्यांतून वीस-वीस मिनिटं मोजतात. मोठ्या माशांपैकी फार तर ३० टक्के धरायला सरकार परवानगी देतं, उरलेले राखायचे. जुरुआ नदीच्या खोऱ्यात गावांनी राखलेल्या तळ्यांत सरासरी सुमारे ३०० पिरारुकू मिळाले, कोणीही जाळं टाकावं अशा तळ्यांत सुमारे ९. तळं राखायला रात्री पहारा द्यावा लागतो, चोरट्यांशी गाठ पडते, जिवाची भीती असते. मासा विकून मिळणाऱ्या पैशांतून त्या पहाऱ्याचं मोलही सुटलं पाहिजे, हा तिथला आजचा खरा झगडा आहे, आणि त्यात शहरातल्या गिऱ्हाइकाने रास्त भाव देणं मला कुठल्याही कायद्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये दुष्काळाने ब्राझीलमधलंच तेफे सरोवर आटलं, पाणी ३९ अंशांवर तापलं आणि दीडशेहून अधिक डॉल्फिन मेले. मामिराउआत अभ्यास करणाऱ्या संस्थेचं ठाणं त्याच सरोवराकाठच्या तेफे गावात आहे. तिथले अभ्यासक वर्षानुवर्षं हे डॉल्फिन मोजत आले होते. म्हणूनच प्रेतं गोळा होत असतानाच ते सांगू शकले की सरोवरातल्या डॉल्फिनांपैकी जवळपास दहावा हिस्सा गेला असावा.