करवीरचे खेळ आणि आपली वर्गणी

(गणेशोत्सवापूर्वीं कोल्हापूरजवळच्या एका गांवीं भरलेल्या सभेंतील भाषण)



औंदाच्या वर्गणीचा विचार करण्याकरितां आपण जमलों आहों. परंतु पैशाचें बोलण्याआधीं, कोल्हापूर शहरांत नाटक आणि सिनेमा कोणाच्या हातांनीं उभा राहिला, हें थोडें सांगूं. तें आपल्याच घरचें आहे, आणि आपणच विसरलों आहों.

शाहू छत्रपतींनीं खासबागेंत कुस्तीचें मैदान बांधविलें आणि त्याला लागूनच १९१५ सालीं पॅलेस थिएटर उभें केलें. मल्ल आणि नट शेजारी झाले. दरबारीं अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई होता. तें गाणें आपल्या वाडवडिलांच्या कानीं फारसें पडलें नसेल. पण तमाशाच्या बाजावर सत्यशोधक जलसे गांवोगांव फिरले, त्यांस ना थिएटर लागलें ना तिकीट. चावडीपुढें पटांगण असलें कीं झालें.

आतां बाबूराव पेंटर यांचें ऐका. हे मिस्त्री घराण्यांतले, घरांत सुतारकाम. नाटकाचे पडदे रंगवितां रंगवितां त्यांस हलत्या चित्रांचा नाद लागला. विलायती कॅमेरा कसा चालतो तें पाहून त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं आपला कॅमेरा आपल्या हातांनीं बनविला. किल्ला, तरवार, रथ, सारें येथल्याच कारागिरांनीं केलें. पैसा उभा करण्यास मदत कोणीं केली? तानीबाई कागलकर या गायिकेनें. १९२० सालीं ‘सैरंध्री’ निघाला. बायकांनीं पडद्यावर यावयाचें नाहीं असा तो काळ. तरी गुलाबबाई आणि अनुसयाबाई यांनीं त्यांत कामें केलीं. ज्यांच्या धैर्यावर हा धंदा उभा राहिला, त्यांनाच समाजानें नांवें ठेविलीं. आजही आपण तमाशाला टाळी देतों आणि नाचणारीच्या घरचें पाणी घेतांना मागें सरतों. ही लबाडी आहे, आणि आम्हीही तींतून सुटलेलों नाहीं.

१९२५ सालीं बाबूरावांनीं ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायीं शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहराची वाट धरतो, अशी ती गोष्ट. देवादिकांच्या चित्रांची चलती असतां कुणब्याचें दुःख पडद्यावर आणणारा मनुष्य हातांत रंधा धरणाऱ्या घरांतला होता, हें मुलांना सांगत जा. पुढें त्यांच्याच हाताखालीं तयार झालेल्या मंडळींनीं १९२९ सालीं प्रभात कंपनी काढली. १९३३ सालीं ती पुण्यास गेली.

पॅलेस थिएटराला पुढें केशवराव भोसले यांचें नांव मिळालें. ह्या कोल्हापूरच्या पोरानें १९०८ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आंत, ललितकलादर्श मंडळी काढली आणि १९२१ सालीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, तो गेला. ९ ऑगस्ट हा त्याचा जन्मदिवस. २०२४ सालीं त्याच्या आदल्या रात्रीं तें नाट्यगृह आगींत जळालें. रात्रींच माणसें धांवलीं. कित्येकांच्या डोळ्यांस पाणी आलें. सरकारनें तें पुन्हा बांधण्याचें जाहीर केलें. भिंती उभ्या राहतील हो, पण रंगमंचावर चढावयाला माणूस आपल्या घरांतून निघतो आहे काय? आम्हांस काळजी ती आहे.

कारण आपला पैसा कोठें जातो तें पाहा. मागच्या विसर्जनाला आपल्या गल्लींत आवाजाची भिंत आणली. फडताळांतलीं भांडीं खालीं आलीं, गोठ्यांतल्या वांसरानें दावें तोडलें, आणि खाटेवरची एक म्हातारी रात्रभर कानांत बोळे घालून बसली. सन २००० च्या नियमांप्रमाणें वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही हद्द. तिची कोणीं पर्वा केली? दुसऱ्या दिवशीं भिंत ट्रकवर चढली आणि आपली वर्गणी तिच्याबरोबर गेली.

त्याच मिरवणुकींत हलगीवाले मागच्या टोंकाला उभे होते. हलगीचें कातडें विस्तवावर शेकून, सुरांत आणून, ते दोन तास वाट पाहात राहिले. त्यांचा आवाज कोणाला गेला नाहीं. अर्ध्या बिदागीवर त्यांना वाटेस लाविलें. ही बिदागी त्यांच्या घरचें धान्य असतें, हें ठरवितांना कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं.

मिरवणूक नको असें आम्ही म्हणत नाहीं. लेझीम ऐकली कीं या वयांतही आमचे पाय उचलतात. आमचें मागणें इतकेंच: औंदा भिंत आणूं नये. हलगी, घुमकें, कैताळ, मर्दानी खेळ आपल्या पंचक्रोशींतून बोलवावे, बिदागी आगाऊ ठरवून पुरी द्यावी. उरलेल्या पैशांतून तालमींत एक वस्ताद ठेवावा. पोरांबरोबर पोरींनाही लेझीम शिकवावी. आणि नाट्यगृह उघडेल तेव्हां गांवोगांवच्या भजनी मंडळांना व तमाशाच्या फडांना कमी भाड्यांत दिवस राखून ठेवावे, असा अर्ज सभेनें आजच लिहावा.

कांहीं तरुण मंडळी आमच्यावर नाराज दिसतात. त्यांनींही बोलावें. मागच्या वर्षाची हिशेबाची वही येथें आणली आहे. खजिनदारांनीं भिंतीचा आणि हलगीवाल्यांचा, दोन्ही आंकडे आधीं मोठ्यानें वाचून दाखवावे.