पुतण्याने खाल्ले तर परत नाही, वकिलाने खाल्ले तर परत

आजचा विषय अमेरिकेतल्या माजी सैनिकांचा. लांबचा वाटेल, पण मी हा नियम वाचला तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, 'ही कंडिशन लिहिली कोणी?'

अमेरिकेत माजी सैनिकांचे पेन्शन, अपंगत्वाचे भत्ते बघणारं सरकारी खातं म्हणजे डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, थोडक्यात व्हीए. एखाद्याला डिमेन्शिया झालाय, डोक्याला मार लागलाय आणि त्याला आपले पैसे सांभाळता येत नाहीत असं व्हीएने ठरवलं, की पैसे सांभाळायला दुसरा माणूस नेमतात. त्याला म्हणतात फिड्युशियरी. नेमताना आधी सैनिकाची स्वतःची पसंती बघतात, मग जोडीदार, मग बाकीचे नातेवाईक. कोणीच नसेल तर हेच काम करणारा वकील किंवा संस्था. अशा बाहेरच्याला महिन्याच्या रकमेतून फी मिळू शकते, जास्तीत जास्त ४ टक्के.

आता समजा, या माणसानेच पैसे खाल्ले. मग?

२००४ च्या कायद्यात याचं उत्तर होतं, पण अर्धंच. पैसे खाणारी संस्था असेल, किंवा १० अथवा त्याहून जास्त जणांचे पैसे सांभाळणारी व्यक्ती असेल, तर व्हीए सगळी रक्कम सैनिकाला पुन्हा देणार. नाहीतर? नाहीतर व्हीएचा स्वतःचा हलगर्जीपणा सिद्ध व्हायला हवा. म्हणजे हिशेब तपासायची तारीख उलटून ६० दिवस झाले तरी तपासलाच नाही, किंवा तक्रार येऊन ६० दिवसांत काही केलं नाही, असं काहीतरी. नाहीतर त्या खाणाऱ्याकडून जे वसूल होईल तेवढंच.

एकाच गल्लीतले दोन म्हातारे सैनिक डोळ्यांसमोर आणा. दोघांचे २०-२० हजार डॉलर गेले. एकाचे वकिलाने खाल्ले, तो १२ जणांचं बघायचा. पैसे परत. दुसऱ्याचे सख्ख्या पुतण्याने खाल्ले, तो एकट्या काकाचंच बघायचा. आणि व्हीएने हिशेब वेळेत तपासला होता, फक्त त्यांना चोरी दिसली नाही. काका, सॉरी!

बरं, नातेवाईकाला आधी पसंती देणारं खातं हेच. म्हणजे जो पर्याय हे स्वतः पुढे करतात, त्यातच सैनिकाला सगळ्यात कमी संरक्षण. आणि ज्याला 'तुला पैशाचं कळत नाही' असं यांनीच कागदावर लिहून दिलंय, त्याचा परतावा अडलाय यांच्याच चुकीवर. कोड रिव्ह्यूला असं काही आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

ही अट जायला १६ वर्षं लागली. ५ जानेवारी २०२१ ला सही झालेल्या, जॉनी आयझॅक्सन आणि डेव्हिड रो यांच्या नावाच्या मोठ्या कायद्यात ती काढली. आता गैरवापर झाला असं ठरलं की रक्कम परत, मग खाणारा वकील असो की पुतण्या. त्याच्याकडून वसुली करणं ही व्हीएची डोकेदुखी.

पण 'गैरवापर झाला' हे आधी ठरावं लागतं, तेही व्हीएनेच. पैसे सैनिकासाठी किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठी खर्च झाले नाहीत, तर गैरवापर. ऐकायला सोपं आहे. पण पुतण्याने त्या पैशातून गाडी घेतली आणि महिन्यातून दोनदा काकांना हॉस्पिटलला नेतो, तर? आणि परत आलेली रक्कमही बहुतेक वेळा काकांच्या हातात येत नाही. ती जाते नव्याने नेमलेल्या फिड्युशियरीकडे.