वजन भरलं, माल पास

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गोष्ट अमेरिकेतली आहे, पण आपल्या फवारणीच्या पंपापर्यंत येणारी आहे.

१९२० ते १९३३ तिथं दारूबंदी होती. पैसेवाल्याला चोरून का होईना, बरी दारू मिळे. गरीब माणूस औषधाच्या दुकानातून 'जमैका जिंजर'ची बाटली घेई. हा आल्याचा अर्क, पोटाच्या तक्रारीवरचं जुनं औषध. त्यात शेकडा सत्तर-ऐंशी भाग अल्कोहोल.

सरकारनं नियम केला, अर्कात आलं इतकं घाला की तो नुसता पिता येऊ नये. तपासणी कशी? अर्क उकळायचा, अल्कोहोल उडालं की खाली उरेल ते तोलायचं. वजन भरलं, माल पास! उरलं ते आलंच आहे का, हे तराजू कसा सांगणार? व्यापाऱ्यांनी हे बरोबर हेरलं. कोणी काकवी घातली, कोणी एरंडेल.

बोस्टनच्या हॅरी ग्रॉस आणि मॅक्स रीसमन यांनी व्हार्निशच्या धंद्यातलं 'लिंडॉल' नावाचं तेल घातलं. त्याला वास नाही, चव नाही, उकळून उडतही नाही. त्यात ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट हे विष होतं.

पिणाऱ्याला त्या दिवशी काही कळत नसे. आठ-दहा दिवसांनी पोटऱ्या दुखत, मग पावलं लुळी पडत, काहींचे हातही. कण्यापासून पावलापर्यंत जाणारे लांब मज्जातंतूच या विषानं मरत. १९३० च्या सुरुवातीला ओक्लाहोमात असे रोगी दिसू लागले. हजारो माणसं अधू झाली, अंदाज तीस ते पन्नास हजारांचा आहे. मॉरिस स्मिथ आणि एलियास एल्व्होव्ह या सरकारी शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी विष शोधून काढलं. पण कित्येकांचे पाय कायमचे गेले होते. वर 'दारुडा' म्हणून हेटाळणी. बाधितांनी संघटना बांधली, तरी भरपाई म्हणावी अशी मिळाली नाही. दोघा व्यापाऱ्यांना शिक्षा काय? एक हजार डॉलर दंड आणि आधी मोकळं सोडणं. ग्रॉसला पुढं अटी मोडल्या म्हणून तुरुंगात जावं लागलं.

आता आपलं बघा. हे विष ऑरगॅनोफॉस्फेट कुळातलं. कपाशीवरची काही कीटकनाशकंही त्याच कुळातली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. जे वाचतात त्यांचंही तिथंच संपत नाही. या कुळातल्या काही औषधांची जबर बाधा झाली, तर माणूस बरा होऊन घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पायातली ताकद जाऊ शकते. त्याला लोक अशक्तपणा समजतात, थकवा समजतात.

म्हणून सांगतो, बाधा झाली तर दवाखान्यात जाताना औषधाच्या डब्यावरचं लेबल घेऊन जा. फवारणीची तारीख लिहून ठेवा. महिनाभरात पायाला मुंग्या आल्या, पाऊल ओढलं जाऊ लागलं, तर पुन्हा डॉक्टरकडे जा आणि ती तारीख सांगा. आपल्या शेतात फवारणाऱ्या मजुरासाठीही एवढं कराच.