कंट्रोल दाबला की 'म' आडवा येतो

(हिंडलगा येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

दोन वर्षांमागे एका स्मरणिकेचा मजकूर मी इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्डवर टाइप करत होतो. दर परिच्छेदाला कंट्रोल-एस दाबायची माझी सवय. दुपारी लाईट गेली. परत आल्यावर फाइल उघडली, तर सकाळपासूनची अकरा पानं गायब! नेमानं दाबलेली ती कळ प्रोग्रॅमनं एकदाही ऐकली नव्हती.

इंग्रजीत जिथे एस, तिथे इन्स्क्रिप्टमध्ये एकाराची मात्रा. सीच्या जागी म, व्हीच्या जागी न. कळ दाबली की संगणकाला दोन गोष्टी कळतात: कळेची जागा आणि तिच्यावरचं आत्ताचं अक्षर. घाईत लिहिलेला प्रोग्रॅम नुसतं अक्षर बघतो. कॉपीसाठी त्याला ९९ क्रमांकाचा सी हवा असतो, हाती येतो युनिकोडमधला २३५० क्रमांकाचा म. मग तो गप्प बसतो, चुकलं असंही सांगत नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

विंडोजमध्ये बहुतेक ठिकाणी निभावतं, कारण तिथे कळेला अक्षराखेरीज स्वतःचा एक क्रमांक असतो. अडतं ते लिनक्सवरच्या काही प्रोग्रॅममध्ये आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. बरं, नुसती जागा बघूनही भागत नाही. फ्रेंच कीबोर्डवर आपल्या क्यूच्या जागी ए असतो. तेव्हा अक्षर रोमन असेल तर अक्षर बघा, नसेल तर जागा बघा. एवढंच करायचं आहे. रशियन, ग्रीक लिहिणाऱ्यांचंही हेच दुखणं आहे.

इन्स्क्रिप्ट १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं प्रमाण केलं. त्याच वर्षी जूनमध्ये सीमाभागात कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात माणसं गेली. त्यांचं स्मारक आपल्या हिंडलग्यात आहे. भाषेची किंमत या गावाला मी काय सांगणार? पण इन्स्क्रिप्टची एक खुबी इथेच सांगायला हवी. मराठी क ज्या कळेवर, कन्नड क त्याच कळेवर. दोन्ही लिप्या शिकणाऱ्या आपल्या मुलांचं एकच बोट दोन्ही भाषा लिहू शकतं. आणि कंट्रोल-सी अडते तीही दोन्हीकडे सारखीच.

पुष्कळ डीटीपीवाले अजून जुन्या फाँटवर आहेत. पडद्यावर मराठी, आत इंग्रजीचेच क्रमांक. कळा चालतात, पण तोच मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की वाचता येत नाही. मुलांची गोष्ट याहून वाईट. कॉपी करायला इंग्रजी कीबोर्ड, मग पुन्हा मराठी, दिवसातून पन्नासदा. कंटाळून ती रोमनमध्येच मराठी लिहायला लागतात. एका न चालणाऱ्या कळेपायी लिपी सुटते, हे मी घरात पाहिलं आहे.

म्हणून एक विनंती. कळ चालली नाही की तेवढ्यापुरता इंग्रजी कीबोर्ड लावून पुढे जाऊ नका. प्रोग्रॅमचं नाव, त्याची आवृत्ती, कुठला कीबोर्ड, कुठली कळ, एवढं लिहून तो बनवणाऱ्यांना कळवा. लिहिणं जमत नसेल तर माझ्याकडे या, आपण बसून लिहू.