धुळे ऐजॉलपेक्षा मोठं आहे

२०११ च्या जनगणनेत धुळे शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात होती, जळगावची साडेचार लाखांच्या वर. मिझोरामची राजधानी ऐजॉल तीन लाखांच्याही आत. त्या ऐजॉलच्या संघानं २०१६-१७ च्या हंगामात मोहन बागानला एका गुणानं मागं टाकून आय-लीग जिंकली. त्यामुळे 'खानदेशात फुटबॉलला मार्केटच नाही' हे आपलं ठरलेलं उत्तर मी मान्य करत नाही.

शेवटचा सामना ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये होता. ऐजॉलला बरोबरी पुरेशी होती, पण आधी गोल केला तो शिलाँग लाजोंगनं. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलानं तो फेडला. सामना १-१ सुटला आणि ऐजॉल देशाचं विजेतं झालं. प्रशिक्षक खालिद जमील, एकेकाळी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले. आदल्या वर्षी हाच संघ खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून माघार घेतली म्हणून त्याला जागा परत मिळाली.

पुढं काय झालं? जमील ईस्ट बंगालला गेले, मधल्या फळीचा आधार असलेला महमूद अल अमनाही तिकडेच गेला. पुढच्या हंगामात ऐजॉल पाचवं आलं. आणि इंडियन सुपर लीगमध्ये तेव्हा मैदानावर जिंकून शिरताच येत नव्हतं. आय-लीग जिंकून वर जाण्याचा मान पहिल्यांदा पंजाबच्या संघाला मिळाला, तोही २०२३ मध्ये.

इंग्लंडचं लेस्टर शहर जळगावहून लहान. त्यांच्या क्लबनं २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली आणि लगेच एन्गोलो कांटे चेल्सीकडे गेला. म्हणजे ओढाताण तिथंही आहेच. पण त्या काळी देशातल्या टीव्ही हक्कांचे निम्मे पैसे सगळ्या क्लबांत सारखे वाटले जात, पाव हिस्सा क्रमांकाप्रमाणे, पाव किती सामने थेट दाखवले त्याप्रमाणे. परदेशातल्या हक्कांचे पैसेही समान. स्पेनमध्ये २०१५ पर्यंत प्रत्येक क्लब आपले हक्क स्वतंत्रपणे विकायचा. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना सिंहाचा वाटा उचलायचे. माझं म्हणणं एवढंच की शहराच्या आकाराइतकंच, किंबहुना जास्तच, वाटपाच्या नियमावर सगळं ठरतं. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको: केळीचा घड आपल्या शेतातला, भाव मात्र बऱ्हाणपूरच्या बोलीवर.

बरं, ज्यांच्याकडे पैसाही होता आणि बाजारपेठही, त्यांचं काय झालं? महिंद्रा युनायटेड २००५-०६ चे राष्ट्रीय विजेते. २०१० मध्ये संघच बंद. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये उपविजेता. २०१५ नंतर नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामात आटोपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला, त्याची जागा हैदराबादनं घेतली. पुण्यासारखं शहर, नावाजलेले उद्योगपती, बालेवाडीचं मैदान, आणि तरीही प्रेक्षकांच्या हाती काही उरलं नाही, कारण क्लब एका सहीवर चालत होता आणि एका सहीवर थांबत होता. वरच्या पातळीवरही तेच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटींना व्यावसायिक हक्क देऊन टाकले. करार संपत आला तेव्हा २०२५-२६ चा हंगाम अडला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. खेळाडूंच्या घरची चूल त्या करारावर पेटत होती, याचा मला आजही संताप येतो.

याउलट कोल्हापूर बघा. पाटाकडील तालीम, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ: हे संघ पेठांचे आहेत, कुणा कंपनीचे नाहीत. शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते. पोरांना घरातूनच संघ मिळतो. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण देशपातळीवरच्या लीगमध्ये कोल्हापूरचा क्लब नाही, कारण तिथली पायरी चढायला जो वार्षिक खर्च लागतो तो पेठेच्या वर्गणीतून निघत नाही.

मग जळगाव-धुळ्यानं काय करावं? उद्या उठून लीगचा संघ काढा, असं मी म्हणणार नाही. सुरुवात नोंदणीपासून करा. फिफाच्या नियमानुसार खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात पैसे मोजून गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. पहिला व्यावसायिक करार झाला की प्रशिक्षणाचा मोबदला मिळण्याचीही तरतूद आहे. पण नोंद असेल तरच. आपली पोरं सुब्रतो करंडकाच्या जिल्हा फेरीत शाळेच्या नावावर खेळतात, दहावी झाली की पुण्या-मुंबईला जातात, आणि तिथल्या क्लबच्या कागदावर त्यांचा जन्म होतो. धुळ्याच्या गरुड मैदानावर किंवा भुसावळला पोरांना शिकवणारे इथं बसले असतील, तर त्यांनी क्लब रीतसर जिल्हा संघटनेला जोडून घ्यावा आणि बारा वर्षांच्या प्रत्येक मुलाचं, मुलीचं नाव याच हंगामात महासंघाच्या नोंदणीत चढवावं. कागदपत्रांसाठी जो कुणी मदत मागेल, त्याच्याबरोबर बसायला मी तयार आहे.