म्हसावद ते तोरणमाळ : एका दिवसाची वाट

गाडी काढावी आणि दिवसभर खेड्यापाड्यांतून हिंडून यावे, अशी हौस आता पुष्कळांना असते. त्यासाठी इटलीतल्या टेकड्यांची स्वप्ने पाहणारेही असतात. आज मी आपल्याला नंदुरबार जिल्ह्यातली एक वाट सांगणार आहे. ती शहाद्याहून निघते, म्हसावद, राणीपूर करत सातपुडा चढते आणि तोरणमाळला पोहोचते. अंतर सुमारे ५५ किलोमीटर, पण एवढ्यात तीन वेगळे मुलूख भेटतात.

पहिला मुलूख तापीकाठच्या सपाटीचा. म्हसावदपर्यंत दुतर्फा केळी, पपई, ऊस आणि कापूस. जमीन काळी, कसदार. आठवडे बाजाराच्या दिवशी इथे थोडे थांबावे आणि नुसते कान उघडे ठेवावेत. गुजरी, अहिराणी, भिली, पावरी अशा कितीतरी बोली एकाच पालाखाली भावताव करताना ऐकू येतात. डोंगरातला माणूस मीठ-तेल, कापडचोपड न्यायला इथे उतरतो आणि जाताना मोहफुले, चारोळी, आमचूर विकून जातो. गाडीची टाकीही खाली असतानाच भरून घ्यावी.

राणीपूर सोडले की दुसरा मुलूख सुरू होतो. शेते लहान होत जातात, साग आणि मोह दिसू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये आलात तर पहाटे मोहाच्या झाडाखाली टोपल्या घेऊन फुले वेचणारी बायका-मुले दिसतील. होळीच्या आधीच्या आठवड्यात आलात तर भोंगऱ्या बाजार भरलेले असतात. ढोल, बासरी आणि मोरपिसांचे उंच टोप यांनी रस्ताच भरून जातो. पुढे सातपायरी घाट लागतो. वळणे अंगावर येणारी आहेत. पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून चालकाने रस्त्याकडे पाहावे आणि दरी बघायला गाडी बाजूला घेऊन थांबावे.

वर तोरणमाळ. उंची सुमारे ११५० मीटर. यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरक्षनाथांचे मंदिर ही पाहण्याची ठिकाणे. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते आणि गुजरात, मध्य प्रदेशातूनही भाविक येतात. पण मला विशेष वाटतात ते इथले पाडे. घरे एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेतात, कुडाच्या भिंतींचे, सारवलेले. आपल्या मनातल्या गावाचे चित्र इथे उपयोगी पडत नाही.

आता थोडे मनातले बोलतो. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे. आपण ज्या घाटाला मजेचा रस्ता म्हणतो, तोच त्यांचा दवाखान्याचा रस्ता आहे. सातपुड्यातल्या कितीतरी पाड्यांपर्यंत गाडी जात नाही. मग आजाऱ्याला किंवा अडलेल्या बाळंतिणीला बांबूला झोळी बांधून खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. लोकांनी त्या झोळीला 'बांबूलन्स' असे नाव दिले आहे. नाव ऐकून हसू येते, पण ती झोळी खांद्यावर घेऊन उतरणाऱ्याला ते येत नाही. पावसाळा सरला की याच रस्त्याने कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. तेव्हा घाटात मागून वाहन आले तर आधी त्याला वाट द्यावी. त्याला कदाचित आपल्यापेक्षा जास्त घाई असेल.

दुसरी गोष्ट पैशाची. आपण डबा शहरातून आणतो, पाण्याच्या बाटल्या शहरातून आणतो, आणि डोंगरावर ठेवून येतो तो फक्त प्लास्टिकचा कचरा. इटलीने १९८५ साली कायदा करून शेतकऱ्याला आपल्याच घरी पाहुणे ठेवायला, आपल्याच शेतातले जेवण वाढायला रीतसर मान्यता दिली. हेतू हा की शेती टिकावी आणि माणसांनी गाव सोडू नये. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. धोरणाचा लाभ डोंगरापर्यंत पोहोचायचा तेव्हा पोहोचेल. आपण मात्र आजच सुरुवात करू शकतो. भाकरी, चटणी, हंगामातली फळे तिथल्याच घरातून घ्यावीत, सांगितला तो भाव द्यावा. आणि विचारल्याशिवाय कुणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नयेत. आपल्या अंगणात परक्याने तसे केलेले आपल्याला चालेल का?

उन्हे कलण्याआधी घाट उतरावा. वेळ उरला तर शहाद्याच्या पुढे प्रकाशाला जावे. तिथे गोमाई नदी तापीला मिळते. हा तिसरा मुलूख, नदीचा. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. १९५४-५५ साली तिथे उत्खनन झाले आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. म्हणजे या काठावर माणूस हजारो वर्षे चूल पेटवून राहतो आहे.

सपाटी, डोंगर आणि नदी एका दिवसात पाहून होतात. माणसे एका दिवसात समजत नाहीत. म्हणून या वाटेवर एकदा जाऊन थांबू नये. पहिल्या खेपेला जिथे भाकरी खाल्ली, त्या घरी दुसऱ्या खेपेला ओळखीने हाक मारता यावी, एवढे जमले तरी प्रवास कारणी लागला असे समजावे.